पंगतीतलं बेचाळिसावं पान

विणकरांची सहकारी संस्था निघाली की ती आधी कापड काढत नाही, फलक काढते. फलकावर संस्थेचं लांबलचक नाव, नावाच्या शेपटीला 'मर्यादित', खाली नोंदणी क्रमांक, मग मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. एवढं सगळं मावायचं म्हणजे फलक दारापेक्षा रुंद होतो. 'मर्यादित' हे कायद्याने फक्त सभासदांच्या जबाबदारीपुरतं लिहिलेलं असतं. आत गेल्यावर मात्र ते भांडवलाला, कोठारातल्या सुताला आणि छताच्या पंख्याच्या वेगालाही लागू असल्याचं ध्यानात येतं.

भंडारा जिल्हा म्हटलं की लोकांना तळी आठवतात, तांदूळ आठवतो, पितळेची भांडी आठवतात, दिवाळीनंतरच्या मंडया आणि दंडारी आठवतात. कोसा रेशीम आठवायला घरात लग्न निघावं लागतं. मग नागपूरच्या मावशीला एकदम मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव आठवतं, "तिथं ना, थेट मागावरून मिळते म्हणे" असा एक निरोप साऱ्या नात्यात फिरतो आणि एका सकाळी गाडीभर बायका आणि गाडी चालवायला एक पुरुष असा लवाजमा कोष्टीपुऱ्यात उतरतो. तो पुरुष मी असल्यामुळे पुढचं लिहिता येतं. साडीखरेदीत आपल्याला मत नसतं. त्यामुळे इकडेतिकडे पाहायला भरपूर वेळ मिळतो.

तर पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे खड्डामाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पावड्या, पावड्यांवर विणकराचे पाय आणि खड्ड्याच्या काठावर बसलेला विणकर. नवख्या माणसाला वाटतं, याला कुणी अर्धा पुरून ठेवलाय की काय. "धंदा कसा काय काकाजी?" असं विचारलं तर एखादा मुरलेला विणकर मान वर न करता सांगतो, "आमचा धंदा पयल्यापासूनच खड्ड्यात हाये जी. आनखी खाली जायचं भेव नाई."

आता या माणसाकडे नीट पाहा. दोन्ही पाय पावड्यांवर, एक हात धोट्याच्या दोरीवर, दुसरा फणी ठोकणाऱ्या हत्त्यावर, डोळे काठावर. रिकामं काय राहिलं? तोंड. कोष्टीपुऱ्यात दिवसभर जी चर्चा चालते तिचं मूळ या शरीररचनेत आहे. एक माग या घरात, दुसरा भिंतीपलीकडे, आणि मधल्या खटाक-खटाकच्या वरून राजकारण, धानाचा भाव, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं आणि कुणाचं कशामुळे फिसकटलं याचा निकाल लावायचा असतो. त्यामुळे विणकराचा आवाज आपोआप वरच्या पट्टीत लागतो आणि माग बंद झाला तरी खाली येत नाही.

अशी माणसं वर्षातून एकदा, हातपाय पूर्ण मोकळे ठेवून, एका सतरंजीवर बसतात. त्याला वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणतात.

सहकार कायद्याप्रमाणे ही सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते. सूचनापत्रात वेळ दुपारी बाराची असते. बारा वाजता सचिव आणि सतरंजी दोघंच हजर असतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि सूचनापत्रात आधीच छापून ठेवल्याप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरते; या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. आपल्या सहकारातली ही मला सर्वांत रसिक तरतूद वाटते. माणसं येणार नाहीत हे गृहीत धरून कायद्याने माणुसकीने वागावं, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. साडेबाराला मात्र सगळे येतात, कारण चहा साडेबाराला असतो.

मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. ते ऐकताना सभासदांना कळतं की गेल्या वर्षीही आपण सुताच्या भावावरच भांडलो होतो. "अध्यक्षसायेब, मले एक सांगा, कोसा सूत मांगच्या सालापेक्षा महाग, साडीचा भाव तोच. मंग मधातला पैसा गेला कुटं?" हा प्रश्न दरवर्षी नवा सभासद विचारतो आणि दरवर्षी जुना सभासद हसतो. अध्यक्ष सांगतात की बाब शासनाच्या विचाराधीन आहे. त्यावर टाळ्या पडतात. टाळ्या चिवड्याच्या पुड्या दिसल्यामुळे पडल्या, हे अध्यक्षांनाही माहीत असतं.

अध्यक्ष निवडण्याचा एक अलिखित नियम आहे. जो मागावर बसतो त्याला अध्यक्ष व्हायला वेळ नसतो, आणि जो अध्यक्ष होतो त्याला मागावर बसायला वेळ नसतो. तालुक्याला चक्कर, नागपूरला विणकर सेवा केंद्रात चक्कर, हातमाग महामंडळात चक्कर, मुंबईला प्रदर्शनाच्या गाळ्यासाठी चक्कर. एवढ्या चकरा मारणाऱ्याचे पाय पावड्यांवर कसे टिकणार? म्हणून काही वर्षांत विणकरांच्या संस्थेत विणकर हा अर्जदार होतो आणि संस्था चालवणारा कागद विणतो. यात कुणाची लबाडीच असते असं नाही. कागदाला खळ लावावी लागत नाही, एवढाच फरक.

हे आपल्याकडेच होतं म्हणून कुणी कपाळाला हात लावू नये. लंडन शहरातल्या जुन्या व्यवसायसंघांमध्ये विणकरांचा संघ लेखी नोंदीप्रमाणे सर्वांत जुना मानतात. ११३० च्या सरकारी हिशेबात त्याचा उल्लेख आहे आणि ११५५ मध्ये दुसऱ्या हेन्री राजाने त्यांना सनद दिली. आपल्याकडे तेव्हा ज्ञानेश्वर जन्मायला शंभरावर वर्षं अवकाश होता. पुढे १५१५ मध्ये या संघांचा मानाचा क्रम ठरला. एवढी जुनी मंडळी, तेव्हा पहिलं पान त्यांना मांडलं असेल ना? छे. क्रम वयावर लागला नाही, वजनावर लागला. पहिला मान गेला कापडाच्या व्यापाऱ्यांना. तिसरा पुन्हा कापडवाल्यांनाच. शिंप्यांनी सहाव्या-सातव्या जागेवरून कातडेवाल्यांशी त्याआधीच इतकं भांडण काढलं होतं की दोघांनी दरवर्षी आलटूनपालटून बसावं असा निवाडा द्यावा लागला होता. आणि ज्यांनी कापड विणलं, ते विणकर? बेचाळिसावे.

पंगतीत बेचाळिसावं पान म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. तिथपर्यंत जिलबी पोचते तेव्हा वाढप्याच्या ताटात फक्त पाक असतो.

हा संघ आजही आहे आणि मुख्यतः दानधर्म करतो. आमच्या मोहाडीकडच्या एखाद्या संस्थेला हे कळलं तर पुढच्या सभेत 'दान देण्याऐवजी घेण्याचा' ठराव एकमताने पास होईल.

सहकाराची कथाही याच वळणाची. ज्या रॉचडेलच्या दुकानाचं नाव सहकाराच्या प्रत्येक भाषणात येतं, ते इंग्लंडच्या गिरणीगावातल्या २८ जणांनी मिळून उघडलं, आणि त्यांच्यात विणकर होते. यंत्रमागांनी त्यांच्या तोंडचा घास हिरावला होता. २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी दुकान उघडलं तेव्हा त्यांनी विकायला काय ठेवलं असेल? लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. कापडाचं नाव नाही. विणकर एकत्र आले आणि त्यांनी शहाणपणाने पीठ विकलं! जगातल्या सहकाराचा पाया हा असा आहे. आपल्याकडच्या विणकर संस्थांनी मात्र हट्टाने कापडच विकलं, म्हणून बऱ्याच संस्थांचे फलक आता कापडापेक्षा जुने झाले आहेत.

सूत काढणाऱ्यांची संघटना तर थेट गांधीजींनी हाती घेतली. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष तेच होते, आणि तिथे सभासदत्वाची वर्गणी सुतात ठरली: महिन्याला दोन हजार यार्ड, स्वतः कातलेलं. आजारपण असेल किंवा इच्छाच नसेल तर दुसऱ्याने कातलेलं तेवढंच सूत आणून दिलं तरी चालेल, अशी सोयही केली होती. 'इच्छा नसेल तर' या सोयीने देशातल्या वकिलांची केवढी सुटका झाली असेल! यार्ड मोजता मोजता हिशेबनीस मेटाकुटीला आले आणि वर्षभरात ही अट सैल झाली. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ वेगळा निघाला. १९२९ मध्ये संघाने जाहीर केलं की जो कोणी सुधारित चरखा शोधून काढील त्याला एक लाख रुपये. अटी अशा की चरखा झोपडीत मावला पाहिजे, हातापायाने चालला पाहिजे, आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत दिलं पाहिजे, किंमत दीडशेच्या वर जाता कामा नये आणि तो वीस वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. लाख रुपये शिल्लक राहिलेली ती आपल्याकडची शेवटची संघटना असावी.

भंडाऱ्याच्या कोशाने असल्या बक्षिसांची वाट पाहिली नाही, कारण त्याला चरखाच लागत नव्हता. इथे सूत निघायचं मांडीवर. कोष सोड्याच्या पाण्यात उकडायचे, पाच-सहा कोषांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत वळत धागा काढायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. मांडीची कातडी सोलवटायची, पण त्याची नोंद साडीच्या किमतीत नव्हती आणि संस्थेच्या इतिवृत्तातही नव्हती. अलीकडे केंद्रीय रेशीम मंडळाने ही पद्धत मोडून काढायला 'बुनियाद' नावाचं यंत्र आणलं. सरकारी योजनेचं नाव आणि काम जुळल्याचा हा विरळा योग. इथे थट्टा थांबवून सांगतो, या एका यंत्राबद्दल मला सरकारला नमस्कार करावासा वाटतो. कोशाच्या साडीच्या मुलायमपणाबद्दल आजवर जे कौतुक झालं ते कुणाच्या तरी खरचटलेल्या कातडीवरून वळून आलेलं होतं.

आणि तो कोष उकडतानाचा वास! नागपुरातल्या दुकानात साडीच्या घडीत अत्तर लावलेलं असतं. त्याच साडीचं बालपण ज्या भांड्यात गेलं त्याच्या शेजारी दुकानदाराने पाच मिनिटं उभं राहून दाखवावं. आमच्या मावशीबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "बाई गं, हे काय शिजतंय?" त्यावर घरातली म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुमचं लुगडं होय जी."

त्याही मागे गेलं तर जंगल लागतं. तुतीवरची रेशीमअळी घरात, तबकात वाढते. कोशाची अळी मात्र ऐनाच्या नाही तर अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर पान खाते. तिला राखायचं काम या भागात ढिवर समाजाकडे चालत आलं आहे. ढिवर म्हणजे मासे धरणारे. तळ्यांच्या जिल्ह्यात मासेमाऱ्याला झाडावरच्या अळीची राखण कुणी नेमून दिली, देव जाणे. पण दोन्ही कामांना लागतं ते एकच, न कंटाळता बसून राहणं. पाखरं आली की हाकल, मुंग्या आल्या की झाड, माकडं आली की त्यांच्या मागे धाव. फांदीला देठाने लटकलेला टणक कोष तयार होईपर्यंत अर्ध्या जंगलाशी भांडण झालेलं असतं. हे कोष वजनावर विकत नाहीत, मोजून विकतात. मोजणारा आणि घेणारा यांच्या आकड्यात फरक पडतोच, आणि त्यावर वेगळं भांडण होतं. ते आपण सोडून देऊ.

आता येतो मागावरचा खरा कस: करवतकाठी. अंग कोशाच्या मूळ मधाळ रंगाचं, काठ गडद, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दाते. रामटेकच्या मंदिरांवरच्या नक्षीवरून हा काठ उतरला असं सांगतात. यासाठी तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत जायचं. एकट्याचे हात पुरत नाहीत तेव्हा शेजारी कुणी तरी बसतं, बायको किंवा पोरगा. नवरा-बायको एकाच साडीवर दिवसेंदिवस बसतात आणि तरीही काठ सरळ येतो, याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. संसाराला मिळायला हवं होतं.

असली ही साडी आमच्या मावशीबाईंनी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "इथं गाठ आहे हो."

हाताने काढलेल्या कोशाच्या धाग्याला गाठी असतातच, त्या त्याच्या ओळखीच्या खुणा. पण गिऱ्हाइकाला वस्तू हाताची हवी असते आणि दिसायला यंत्राची हवी असते. नंतरचा प्रश्न, "ओरिजिनल आहे ना?" तो मागाच्या खड्ड्याशेजारी उभं राहून, धोटा चालत असताना विचारायचा. विणकर मग निमूटपणे दोन धागे ओढून काडी लावतो. जळल्या केसासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली की रेशीम खरं. माझ्या माहितीप्रमाणे सोन्यानंतर अग्निपरीक्षा द्यावी लागते ती फक्त कोशाला आणि सीतेला. त्यानंतर तिसरा प्रश्न: "कमी किती करता?"

मुंबईहून डिझायनर येतात त्यांची तऱ्हा वेगळी. त्या कमी करा म्हणत नाहीत, फोटो काढतात. एकदा एकीने काकाजींना समजावलं की आता जगात 'स्लो फॅशन'ची लाट आली आहे. काकाजींनी आदराने ऐकलं आणि विचारलं, "मंग पैसेही स्लोच येतीन का जी?"

दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. १९०५ मध्ये त्याच तारखेला कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ सुरू झाली म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळतात. व्यासपीठ, दीपप्रज्वलन, विणकरांचा सत्कार. सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ. सत्कार झालेल्या विणकराने त्या शालीचं टोक उलटून पाहू नये, असा शिष्टाचार आहे. विणकराला बोट लावताच कापड कुठल्या मागाचं ते कळतं आणि कार्यक्रमाचा रसभंग होतो. हातमागाच्या वाट्याचे प्रकार यंत्रमागाने करू नयेत असा १९८५ चा कायदाही आहे. सुरुवातीला त्यात २२ प्रकार राखीव होते, पुढे ११ राहिले. यंत्रमागाला कायदा वाचता येत नाही, बाजाराला वाचायचा नाही. देशात २०१९-२० च्या गणनेत हातमागावर काम करणारे ३५ लाखांवर निघाले, आणि त्यांतल्या बहुतेक बायका. एवढ्या मोठ्या संख्येला पुरेल एवढी श्रीफळं व्यासपीठावर मावत नाहीत, म्हणून एकदोघांवर भागवतात.

पण खरी गंमत, गंमत म्हणायची तर, लग्नाच्या बाजारात आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर कुठेही जा, बऱ्या घरच्या लग्नात करवतकाठीला मान आहे. वरमाईला ती, मुलीच्या मामीला ती, आणि "थेट मागावरून आणलीये" हे वाक्य मांडवभर. आणि त्याच मांडवात कुणी सुचवलं की मागावरचा एक पोरगा आहे, निर्व्यसनी, स्वतःचं घर, स्वतःचा माग, तर क्षणभर सनईसुद्धा थबकते. मुलीला कोसा हवा, कोष्टी नको. "करतो काय?" "साड्या विणतो." "ते ठीक, पण नोकरी कुठं?" म्हणून कोष्टीपुऱ्यातला पोरगा बुटीबोरीच्या कारखान्यात जातो, बारा तास उभा राहतो, गळ्यात ओळखपत्र घालतो, आणि लगेच त्याला स्थळं येऊ लागतात. त्याच्या लग्नात नवरीला करवतकाठी लागते. ती विणायला घरी बाप असतो, अजून.

सभेत हा विषय कधी पटलावर येत नाही. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यातही नाही. एकदा एका म्हाताऱ्याने उठून विचारलं होतं म्हणे, "सायेब, मागाले अनुदान भेटते, सुताले भेटते, शेडले भेटते. पोराच्या लग्नाले भेटन का?" सभा हसली. इतिवृत्तात 'इतर किरकोळ चर्चा झाली' असं लिहिलं गेलं आणि पुढच्या वर्षी ते वाचून कायम झालं.

तेव्हा वाचकहो, भंडाऱ्याहून तुमसरला जाताना वाटेत मोहाडी लागतं. चौंडेश्वरीचं दर्शन घ्या आणि तसेच आंधळगावला जा. साडी उलटीसुलटी करून पाहा, काठ तपासा, हवं तर दोन धागे जाळा. भाव करायची खुमखुमी असेल तर ती परतीच्या वाटेवर हॉटेलवाल्यापाशी भागवा. आणि घरात लग्नाची मुलगी असेल, साडी तिच्यासाठीच घ्यायला गेला असाल, तर साडीबरोबर ती विणणारा पोरगाही एकदा नीट पाहून या. पाहायचे पैसे पडत नाहीत.